यादीतलं पणजीचं नाव

मंडळी, दुपारपासून मन जाग्यावर नाही.

आज रेवदंड्याच्या शाळेत आठवीला बायकांच्या मताधिकाराबद्दल शिकवत होते. सांगितलं, "पहिल्या निवडणुकीत पुष्कळ जणींनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं. त्यांची नावं यादीतून वगळली गेली."

कोळीवाड्यातली सायली उठली. "बाई, माझ्या पणजीचंपण गेलेलं. पुढच्या वेळी तिनं नाव सांगितलं, पण माहेरचं!"

लग्नात बदललेलं नाव पणजीला कधी आपलं वाटलंच नव्हतं. मतदानाच्या दिवशी केंद्रावर यादीतलं नाव पुकारलेलं ऐकून तिचा दीर म्हणाला, "असली बाय आमच्यात न्हाय."

"हाय की! मीच ती," म्हणत पणजी पुढे झाली आणि मत देऊन आली.

वर्ग खदखदून हसला. सायलीनं लगेच विचारलं, "बाई, तुमचं माहेरचं नाव काय?"

माझंही लग्नात बदललंय. वीस वर्षांत त्या जुन्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. मी म्हटलं, "चला, वह्या काढा."

सायली माझ्याकडे बघत राहिली.

एवढं साधं उत्तर का देता आलं नाही? आताही ते नाव इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मैत्रिणींनो, तुम्ही तुमचं सांगाल?