वाट्यांवरचा माझा फोटो

कुमुदताई करंदीकर गेल्याचं मंडळाच्या ग्रुपवर वाचलं, तेव्हा मी मयूर विहारच्या बाजारात मेथी घेत होते. आदल्याच दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या, "नीलिमा, तुझी मेथी नेहमी कडू होते, जरा गूळ घाल." मी जुडी परत ठेवली आणि रिकाम्या पिशवीनं घरी आले. त्याला आता दीड महिना झाला... अजूनही मेथी आणलेली नाही.

लग्न होऊन सांगलीहून दिल्लीला आले तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचं दार आमच्या दारासमोर होतं. माझं हिंदी ऐकून भाजीवाले हसायचे. कुमुदताई मला बाजारात न्यायच्या, पुढे उभं करायच्या आणि स्वतः मुद्दाम गप्प राहायच्या. "फसलीस तर दोन रुपयांना फसशील, पण बोल." सगळी नोकरी त्यांनी प्राप्तिकर खात्यात धर्मादाय संस्थांच्या करसवलतीच्या फायली वाचण्यात घालवली. पुढे दोघींची घरं मयूर विहारला झाली आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या मराठी मंडळाच्या सचिव झाल्या. मंडळाचा रविवारचा मोफत दवाखाना हा त्यांचा जीव की प्राण. तो देणग्यांवर चालायचा, आणि देणगीदारांना करात सूट मिळते म्हणून देणग्या यायच्या. हे गणित त्या येईल त्याला ऐकवायच्या, अगदी चहा द्यायच्या आधी.

आणि मग मी निवडणुकीला उभी राहिले. वॉर्ड महिलांसाठी राखीव, मी अपक्ष, आणि मुद्दा आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कचऱ्याचा डोंगर. पक्ष नाही, कार्यकर्ते नाहीत, पण मंडळ तर माझंच, असं मी गृहीत धरलं. संक्रांतीचं हळदीकुंकू हॉलमध्ये होतं. मी वाणासाठी स्टीलच्या वाट्या घेतल्या आणि प्रत्येकीवर माझा फोटो आणि 'आपली नीलिमा' असं स्टिकर हौसेनं चिकटवलं. कुमुदताईंनी एक वाटी उचलली, उलटी केली, चष्मा वर केला.

"हे काय गं?"

"वाण आहे, ताई."

"हे वाण नाही, हा प्रचार आहे. तोही करमाफी असलेल्या संस्थेच्या हॉलमध्ये! उद्या कुणी तक्रार केली की माफी गेली, देणग्या गेल्या, दवाखान्याला कुलूप. शिवाय मतदारांना भांडी वाटणं म्हणजे लाच, कळतं का तुला?"

"अहो, बिल्कुल घरगुती कार्यक्रम आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

वाट्यांच्या पिशव्या त्यांनी सगळ्यांदेखत टेबलाखाली सरकवल्या. त्या दिवशी बायकांना नुसता तिळगूळ मिळाला. माझे कान तापले होते. संध्याकाळी त्या वाट्या घेऊन स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "चल, आता तुझी पत्रकं दे. मंडळ बाजूला, मी येते तुझ्याबरोबर दारोदार." मी म्हटलं, "काही गरज नाही," आणि दार लावलं. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट दुसरं काही केलेलं नाही.

मी थोडक्यात पडले. त्याचंही खापर मी कुमुदताईंवर फोडलं आणि संक्रांतीपासून धरलेला अबोला वर्षभर चालवला. शेवटी कुमुदताईच डाळिंब्यांची उसळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. "वाल सोलून नखं दुखायला लागली. आता तरी बोल, यार!" यार हा शब्द त्यांच्या तोंडी इतका विचित्र वाटला की मला हसूच फुटलं. त्यानंतर निवडणुकीचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

शोकसभेला पलीकडच्या सोसायटीतल्या भाटिया आंटी आल्या होत्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहतात. माझा हात धरून म्हणाल्या, "आपके इलेक्शन में वो हमारी पूरी बिल्डिंग में पर्चे लेकर आई थीं। कहती थीं, मंडल का नाम मत लीजिए, मैं सिर्फ़ पड़ोसन बनकर आई हूँ।"

मला काही कळेना. पत्रकं त्यांना दिली कुणी? घरी आल्यावर ह्यांना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "मीच दिली. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी." कुमुदताईंनी सांगितलं असतं तर मी वर्षभर फुगून बसले नसते. पण सांगणं म्हणजे वाट्या अडवल्याची भरपाई केल्यासारखं झालं असतं, आणि जे केलं ते बरोबरच होतं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

परवा मी त्या इमारतीत गेले. जिने अरुंद, पायऱ्या उंच. कुमुदताईंचे गुडघे निवडणुकीच्या वेळीच इतके गेलेले होते की हॉलच्या दोन पायऱ्याही त्या कुणाचा तरी खांदा धरून चढायच्या. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा मलाच धाप लागली होती. भाटिया आंटींची बेल वाजवायची सोडून मी कठड्याला टेकले आणि तिथेच रडले. ज्या दिवसांत मी त्यांना रस्त्यात पाहून तोंड फिरवत होते, त्याच दिवसांत त्या माझ्यासाठी मतं मागत इथवर चढून आल्या होत्या.