ऐकणारा चेअरमन

आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन कणकवलीला नेतृत्वाच्या शिबिराला गेला तेव्हा नुसता आळशी होता. परत आला तो आत्मचिंतन करणारा आळशी होऊन. रोज पहाटे किनाऱ्यावर डोळे मिटून बसायचा आणि रापणीचं जाळं ओढणारे त्याला वळसा घालून जायचे. "आधी स्वतःला ओळखायला हवं," असं भेटेल त्याला सांगायचा. अरे, तुला अख्खा गाव ओळखून आहे, तुलाच कशाला ओळख हवी!

मी मासळी बाजारात बसते. बाजारावरचे पत्रे वादळात उडाले होते. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा आम्ही बायका सुकी मासळी विकून घर चालवतो, आणि तिला पाणी लागलं की ती गेलीच. म्हणून मे महिन्यात मी आणि माझी जाऊ सोसायटीत गेलो.

पूर्वी तो "बघूया गो" म्हणून वाटेला लावायचा. या वेळी खुर्ची दिली. मोबाईल उलटा ठेवला, डोळ्यांत डोळे घालून ऐकलं, मान डोलावली. मग मालवणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की छप्पर नाही, त्यामुळे मासळी भिजते."

"व्हय, ताच तर!" जाऊ म्हणाली.

"तुमची वेदना माझ्यापर्यंत पोचली."

संपलं. शिरा पडो त्या वेदनेवर, पत्रे कधी पोचणार? आमचंच वाक्य इस्त्री करून त्याने आम्हाला परत दिलं, आणि आम्ही येड्या खूश होऊन घरी आलो.

आषाढात, पत्र्यांच्या जागी आम्ही बांधलेली ताडपत्री फाटली. जावेची सगळी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भिजून नासली. त्यांच्यावर तिचा श्रावण निघायचा होता. ती रडत सोसायटीत गेली, तर हा पुन्हा मान डोलावून म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की सुंगटं नासली." तीच नासकी टोपली त्याच्या डोक्यावर पालथी घालावी असं मला वाटलं. अजून वाटतं.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर जमला. दर्याला नारळ द्यायच्या आधी चेअरमनने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक बोलामागे आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. त्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आमच्या होड्यांका सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

मग गाडी स्वतःवर आली. "मी रोज पहाटे उठतंय म्हाराजा."

दोन-चार पुरुष पुटपुटले.

"मी सगळ्यांचा ऐकतंय म्हाराजा."

आता तेही पुरुष दर्याकडे बघायला लागले. तेवढ्यात माझी जाऊ खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हणजे तुमचा म्हणणा असा, की तुम्ही सगळ्यांचा ऐकतास."

किनारा हसून लोळला. चेअरमनने नारळ कसाबसा पाण्यात टाकला आणि तोंड लपवून घर गाठलं.

पंधरवड्यात पत्रे चढले. उद्घाटनाला धो धो पाऊस होता, पण आत थेंब नव्हता. चेअरमन हार घालून उभा राहिला. म्हणाला, "ही कल्पना मला एका पहाटे, स्वतःशी संवाद साधताना सुचली."

जावेने माझ्याकडे पाहिलं. टोपलीवरचं प्लास्टिक काढून बाजूला टाकलं, माझ्याकडून उसनी घेतलेली कोरडी सुंगटं हाताने सारखी केली, आणि मान डोलावून म्हणाली, "व्हय म्हाराजा."