आईच्या गालांचा रंग

ऑनोरीन वीस वर्षं लूव्र संग्रहालयात जुन्या दरबारी चित्रांच्या नकला करत होती. शेजारी खुर्ची टाकून आई विणत बसायची. बाईमाणसाने तिथे एकटं बसणं बरं दिसत नसे ना! चित्रांतल्या गुलाबी गालांच्या देवी पाहून आई नाक मुरडायची. "अगं, या बयांना कधी पडसं होत नाही का?"

पण त्या शंभर वर्षं जुन्या चित्रांनीच ऑनोरीनला मोतिया पांढरा रंग दिला, भरभर पळणारा कुंचला दिला. त्यात तिने पॅरिसमधला सकाळचा उजेड मिसळला आणि खिडकीपाशी विणणारी आई रंगवली. लाल नाक, सुजलेली बोटं, सगळं जसंच्या तसं. फोटो काढून घ्यायला म्हातारी कधीच तयार झाली नाही. हिवाळ्यात ती गेली, आणि मागे तेवढं एक चित्र उरलं.

वर्तमानपत्रं ज्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणून खिजवायची, त्या नव्या चित्रकार मंडळींनी ते यंदाच्या प्रदर्शनात घ्यायचं कबूल केलं. ऑनोरीनला काय करू नि काय नको असं झालं. चौकट करायला तिने चित्र गार्नोकडे टाकलं. हा गार्नो जुनी चित्रंही विकायचा. तिथेच घात झाला.

शनिवारी गेली, तर चौकट होती, चित्र नव्हतं.

"अभिनंदन, बाई!" गार्नो हात चोळत म्हणाला. "एका परदेशी गिऱ्हाइकाला ते जुन्या उस्तादाचं वाटलं. म्हटलं, कशाला मोडता घाला? कोपऱ्यातलं तुमचं नाव पुसलं, झालं."

"अहो, माझी आई होती ती! कुठे आहे तो माणूस?"

"बोटीवर. आता अमेरिका गाठेल. दुसरी काढा की, तुमचा हात बसलाय!"

मेल्याची जीभही अडखळली नाही.

घरी येऊन ऑनोरीनने नवा कॅनव्हास लावला. शाल आली, सुया आल्या, खिडकीतला उजेड तर झरझर आला. चेहऱ्यापाशी मात्र हात आपोआप चालू लागला. गुलाबी गाल, हसरे ओठ. तिने खरवडून काढलं. पुन्हा रंगवलं, पुन्हा तीच दरबारी बया. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी डोळे मिटून आईचं नाक आठवायला गेली, तर मिटल्या डोळ्यांपुढेही देवीच उभी.

कुंचला गळून पडला. जिच्यावर आईचं विणकाम अजून लटकत होतं, त्या खुर्चीला धरून ती ढसाढसा रडली.

"आई, कशी दिसायचीस गं तू?"