खवल्याची आई

जखमी प्राण्यांच्या आमच्या केंद्रात तिला सगळे ‘खवल्याची आई’ म्हणत. खवल्यांसाठी मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेल्या खवले मांजराला रोज दुपारी वारुळांवर फिरवून आणायचं, हे तिचं काम. पिंजऱ्यात ठेवलेल्या खाण्याला ते तोंड लावत नसे. पुढचे पंजे छातीशी धरून, मागच्या दोन पायांवर ते नवख्या पाहुण्यासारखं अवघडून चाले. मागे छत्री धरून ही.

घरी तिचं तोंड थांबत नसे.

“दात एकही नाही, पण जीभ जवळजवळ अंगाएवढी! बारीक खडे गिळतं, तेच पोटात मुंग्या दळतात. अन् घाबरलं की असा गोळा होतो, सिंहालाही उघडत नाही.”

“आणि माणसाला?” धाकट्या भावानं विचारलं.

“माणसाला उघडायचंय कशाला? भोपळ्यासारखं उचललं की झालं!”

आई हसून हसून बेजार झाली.

आठवड्याभरानं भाऊ तिचा विसरलेला चष्मा घेऊन वारुळांपाशी आला. तेवढ्यात डॉक्टरांनी तिला हाक मारली. “लक्ष ठेव रे, आलेच,” म्हणून ती गेली. परतली तेव्हा भाऊ नव्हता, खवलंही नव्हतं.

आम्ही अंधार पडेपर्यंत झुडपं धुंडाळली. ती घरी पोचली तर भाऊ जेवत होता.

“मी लगेच निघालो होतो,” तो मान वर न करता म्हणाला.

त्याच्या शर्टाला वास येत होता. भेदरलं की खवलं सोडतं तो उग्र वास. तिनं चपला पुन्हा पायात सरकवल्या. आई दारात आडवी आली.

“पाठचा भाऊ आहे तुझा. एका जनावरापायी?”

“आई, बाजूला हो.”

तिसऱ्या दिवशी पोलिसांना एका गोदामात पोतं सापडलं. ओळख पटवायला तिला बोलावलं. मी सोबत होतो. आत नुसते अंगावरचे खवले होते, धुऊन वाळवलेले. तिनं पोत्यात हात घातला आणि कितीतरी वेळ बाहेर काढला नाही.

“मीच शिकवलं त्याला,” एवढंच म्हणाली.

भावाला शिक्षा झाली. आई तिचं ताट वाढून ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते. महिन्यातून एकदा दोघी तुरुंगात जातात, एकाच बसनं, वेगवेगळ्या बाकांवर. भाऊ आईला भेटतो. हिला भेटायला नकार देतो. ती फाटकाबाहेर आईची वाट बघत बसते.