खिसेवाले आजोबा

आमच्या घरात शिरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. दारामागच्या स्टुलावर एक पितळी ताट असे आणि ताटाशेजारी माझे सासरे. "काडेपेटी? लायटर?" पाहुणा नाही म्हणाला तरी ते ताटाकडे बोट दाखवत. किल्ल्या, सुटे पैसे, मोबाईल, सगळं त्यात पडलं की मग जयभीम आणि पाणी. हडपसरच्या आमच्या सोसायटीत त्यांना खिसेवाले आजोबा म्हणत, घरात आम्ही बाबा. माझ्या नवऱ्याचे, नितीनचे, मित्र तर सिगारेटी गाडीच्या डिकीत ठेवूनच वर येत.

बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून खडकीला आले आणि निवृत्त होईपर्यंत दारूगोळ्याच्या कारखान्यात राहिले. कामावर जाताना अंगठी, किल्ल्या, काडेपेटी बाहेर काढून ठेवायची आणि सुटल्यावर ज्याची त्यानं उचलायची, ही त्यांची जन्माची सवय. नोकरी संपली, सवय घरी आली. आमच्याकडे काडेपेटी एकच, तीही माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात. माझ्या लेकीच्या, मनूच्या, पहिल्या वाढदिवसाला केक समोर ठेवून सगळे ताटकळले होते आणि बाबा स्टुलावर चढून मेणबत्तीसाठी काडेपेटी शोधत होते.

माणूस भित्रा होता आणि त्याची त्यांना मुळीच लाज नव्हती. गॅस बंद केला की ते बटणाला हात लावून बघत, मग मला बघायला लावत. "भेणाऱ्या माणसाचे दोन्ही हात जाग्यावर राहतात, पोरी," असं वर ऐकवत. मी हसायचे. मी कंपनीच्या बसने ऑफिसला जाणारी, गळ्यात ओळखपत्र घालून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी. जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठेतरी उपाय असतोच, असं मला वाटे.

मनू आम्हाला आयव्हीएफने झाली. त्या वेळी स्त्रीबीजं काढल्यावर माझ्या पोटात पाणी साठलं, श्वास घेता येईना, आणि मी दवाखान्यात पडून राहिले. तयार झालेले गर्भ तोवर गोठवून ठेवले होते. सावरल्यावर ते आत सोडले, त्यातून मनू. बाकी काही उरलं नव्हतं. मनू दोन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दुसरं हवं असेल तर आता उशीर नको, पण सगळं पहिल्यापासून करावं लागेल. या वेळी औषधाचं प्रमाण कमी ठेवू, लक्ष ठेवू, घाबरू नका.

मला दुसरं मूल हवं होतं. का, ते मला आजही पटवून देता येणार नाही. "एक आहे ना? मग कशाला जिवाशी खेळ?" असं जवळचे लोक तोंडावर म्हणत. ऑफिसात रजेसाठी मी थायरॉईडचं कारण सांगितलं होतं. आणि मी घाबरले होते. पहिल्या वेळी मेले असते तर एक बाई गेली असती. आता मनूची आई जाणार होती.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांशी असल्या गोष्टी कोण बोलणार? शेवटी नितीननेच त्यांना सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले विचारशील तं नको करू. मागच्या टायमाले तुले पाहून माह्या घशाखाली घास उतरत नव्हता."

दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच थर्मासमध्ये बर्फ घालून सदाशिव पेठेतल्या दुकानातून माझी इंजेक्शनं घेऊन आले.

"बाबा, तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"म्हटलं. अजूनही म्हणतो. पण औषध गरम झालं तं कोणाचा फायदा हाये?"

सकाळी मी पोटात सुई टोचून घेत असे तेव्हा ते मनूला कडेवर घेऊन दाराकडे पाठ करून उभे राहत. "आईला टुच केलं?" मनू विचारी. "केलं. मले बी दुखलं," ते म्हणत.

सुट्टीच्या दुपारी मी मनूला माझ्याशिवाय झोपायला शिकवू लागले. बाबांच्या खाटेवर तिला निजवायचं आणि आपण बाहेर बसायचं. ती रडे, हाका मारी, मी कान झाकून स्वयंपाकघरात बसे. नितीनला मी सांगितलं की मुलांना सवय हवी. त्याला पटलं. एकदा बाबा तिला थोपटता थोपटता उठून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तिले तुह्याबिगर झोपाले काऊन शिकवून राहिली?"

मी कानांवरचे हात काढले.

"भेव वाटते?"

"खूप वाटतं, बाबा."

"मलेही वाटते," ते म्हणाले आणि शेजारी बसले. आत मनू रडत होती. मीही रडले. नितीन 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणे तेव्हा मला आणखी एकटं वाटे. त्या दुपारी नाही वाटलं.

बीजं काढायच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर बाबा दारात ताट घेऊन उभे. बाहेर जाणाऱ्यापुढे ते ताट कधी आलं नव्हतं. "भूल देतात ना? मंगळसूत्र, बांगड्या, सगळं इथंच काढ."

"द्या माझ्याकडे, मी सांभाळतो," नितीन म्हणाला.

"नाई. ज्याचं त्यानं उचलायचं. संध्याकाळी हिनंच येऊन घ्यायचं. तोवर मी याले कोणाचा हात लागू देणार नाई."

मी एकेक काढून ठेवलं. मनूने आपली केसांतली पिन काढून वर टाकली. बाबांनी ताट जपून स्टुलावर ठेवलं.

संध्याकाळी परतले तेव्हा ते स्टुलासमोर खुर्ची टाकून बसलेले, मनू खांद्यावर झोपलेली. "उचल," एवढंच म्हणाले. मी बांगड्या भरल्या, मंगळसूत्र घातलं. ते मनूला माझ्या मांडीवर देऊन मोरीत गेले आणि तोंड धुऊन आले.

या खेपेला पोटात पाणी झालं नाही. गर्भही राहिला नाही. रिपोर्ट कळला. बाबांनी मनूला चपला घातल्या. "तू रड. मी हिले खाली नेतो," म्हणाले. आम्ही पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

मनू शाळेत जायला लागली त्या सुमारास बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. निघताना त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली. मनूने दोन्ही हातांनी ताट धरलं होतं.

"आजोबा, भेव वाटतं का?"

"लय वाटते."

"मग ज्याचं त्यानं उचलायचं," ती म्हणाली. ते हसले आणि लिफ्टकडे गेले.

दवाखान्यातून ते परत आले नाहीत. काही दिवसांनी नितीनने ते घड्याळ वापरायला घेतलं तर मनूने त्याचा हात धरला. तेव्हापासून घड्याळ आणि अंगठी ताटातच आहेत. आलेला पाहुणा आपल्या किल्ल्या जरा बाजूला ठेवतो. मनू अधूनमधून घड्याळावरची धूळ पुसते, उचलत मात्र नाही.