मला गुजराती वाचता येत नाही

बायकोला माझ्या सगळ्या लबाड्या ठाऊक आहेत. ही एक सोडून. ही मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. एकीला कळली, पण ती मी सांगून नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्यात शौर्य काही नाही.

मी राहतो डहाणूजवळच्या सरावलीला आणि तलासरीच्या बाजूच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. वडील रेल्वेत होते. माझं लहानपण गुजरातेतल्या संजाणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, शाळा चौथीपर्यंत गुजराती, पुढे पदवीही तिकडचीच. आजही बेरीज करताना आकडे माझ्या मनात गुजरातीतच येतात. हे एवढं लक्षात ठेवा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कम्युनिटी कॉलेजच्या योजनेतून एक वर्षाचा डिप्लोमा सुरू झाला. मासे सुकवणं, टिकवणं, पॅक करणं. त्यासाठी एक शिक्षक हवा होता. किमान पात्रता पदवी, पण खाली एक ओळ होती — धंद्यातला दहा वर्षांचा अनुभव लेखी सिद्ध झाल्यास तो पदवीला समकक्ष धरावा. ही ओळ कुणासाठी होती? पदवीवाल्यांसाठी नक्कीच नव्हती.

अर्ज आला जयवंतीचा. वरोरची, बारावी पास. गुजरातेत उंबरगावच्या पुढे एका मासळीच्या कारखान्यात सुकवण विभाग तिच्या हाताखाली होता. सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती नोकरी सोडून गावी परतलेली. नवऱ्याची बोट मोडीत निघालेली, मुलगी दहावीला. घरी राहून महिन्याचा पगार मिळेल अशी तिच्यासाठी ही एकच जागा होती. मला हे सगळं माहीत होतं. अर्जात लिहिलेलंच होतं की.

आणि मी तिला आधीपासून ओळखत होतो.

आदल्या वर्षी मी पोरांना घेऊन वरोरला गेलो होतो. ती तेव्हा सुट्टीवर घरी आलेली. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकत होते. मी एक हातात घेतला आणि पोरांना सांगायला लागलो, हा पूर्ण वाळलेला नमुना, आर्द्रता अमुक टक्के वगैरे. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, मधोमध वाकवला, नाकाशी नेला. म्हणाली, "सर, हा अजून कच्चा हाय. आठ दिवसांत बुरशी धरील." पोरं हसली. ती नाही हसली बरं का — तिने आपलं खरं ते सांगितलं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्याशा गोष्टीने? हो, एवढ्याशाच.

मुलाखतीला टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं. प्राचार्य साताऱ्याचे, नुकतेच बदलून आलेले. बाहेरचे तज्ज्ञ नागपूरकडचे. आणि मी, स्थानिक म्हणून. जयवंती इस्त्रीची साडी नेसून आलेली, प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद नीट लावलेले. पदवीवाला दुसरा उमेदवार बाहेर बसला होता. त्याने मासळी ताटात सोडून कुठे पाहिली नसावी.

तज्ज्ञांनी तिला बोंबलाबद्दल, मिठाबद्दल, माश्या कशा टाळता ते विचारलं. ती बोलत गेली आणि ते भराभर वहीत लिहून घेत होते. कुणी कुणाला शिकवत होतं ते उघड होतं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? ही बाई उद्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार. पोरं हिलाही मॅडम म्हणणार. हिच्या डब्याला वास येणार. हो, हे मी मनात म्हणालो, बोंबील आवडीने खाणारा मी. लिहितानाही थुंकावंसं वाटतंय.

मग तिचा अनुभवाचा दाखला निघाला. कारखान्याचा कागद, सही, शिक्का. मजकूर सगळा गुजरातीत.

प्राचार्यांनी तो उलटसुलट केला, तज्ज्ञांकडे दिला. त्यांनी माझ्याकडे सरकवला. जयवंती आशेने म्हणाली, "सर डहाणूचेच हायेत ना, ते वाचतील."

मी कागदावर नजर टाकली आणि सगळा वाचला. अकरा वर्षांची नोकरी. शेवटची सहा वर्षं नव्याने लागलेल्या बायकांना हाताखाली घेऊन शिकवलं. काम चोख, स्वभाव शांत, सोडून जाते याचं आम्हाला वाईट वाटतं. समकक्ष म्हणजे आणखी काय असतं?

मी कागद परत सरकवला आणि म्हणालो, "मला गुजराती वाचता येत नाही."

झालं. एवढंच वाक्य.

ती स्वतः वाचून दाखवायला लागली, तर तज्ज्ञ म्हणाले, उमेदवाराचं वाचन ग्राह्य धरता येणार नाही. बाहेरच्या टेबलावर आमचा क्लार्क बसला होता, त्याला गुजराती येत होतं. त्याला कुणी आत बोलावेल या भीतीने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुणी बोलावलं नाही. प्राचार्यांना जेवायचं होतं. शेरा मीच लिहिला — अनुभव सिद्ध होत नाही, समकक्षता अमान्य.

उठताना ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा पडलेला दिसला असणार, कारण म्हणाली, "राहू द्या सर. सगळ्यांना कुठं येतं?" तिने माझी समजूत घातली. माझी!

अजून एक राहिलं. मी नोकरीला लागलो तेव्हा माझा अनुभवाचा दाखला गुजरातीतच होता, आणि पदवीचा समकक्षतेचा कागद यायचा बाकी होता. तेव्हाचे प्राचार्य कोकणातले, त्यांनाही वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याच क्लार्कला आत बोलावलं, दाखला मोठ्याने वाचून घेतला आणि लाल शाईने लिहिलं, "समकक्ष, ग्राह्य." दोन मिनिटांचं काम. ती फाइल मुलाखतीच्या दिवशी माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

जागा पदवीवाल्याला मिळाली. तो मोबाईलवरून वाचून शिकवायचा. दोन वर्षांत डिप्लोमा बंद पडला. जयवंती डहाणूच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. मुलीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आणि मी तिच्याकडूनच बोंबील घेत राहिलो — निगरगट्टपणा म्हणतात तो हाच. ती नेहमी वर दोन जास्तीचे टाकायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने बोंबील बांधायला रद्दीचं पान घेतलं. गुजराती पेपर होता. ती बोंबील निवडत होती, मी उभा होतो, नजर पानावर गेली. संजाणच्या माझ्या जुन्या शाळेची बातमी होती. आणि मी — सवयीने, कौतुकाने — मथळा मोठ्याने वाचला. गुजरातीत. अडखळलोसुद्धा नाही.

तिचा हात थांबला.

ती वर बघत राहिली. तिने बोंबील त्या पानावरून बाजूला केले, दुसऱ्या, मराठी पानात बांधले, दोरा गुंडाळला. मग गुजराती पान मांडीवर ठेवून हाताने सारखं केलं, घडी घातली आणि पुडीबरोबर माझ्या हातात दिलं.

"घ्या सर. घरी नीट वाचा."

वरचे दोन तिने त्या दिवशीही टाकले होते. मी पुडी घेतली आणि निघून आलो. बोंबील कडकडीत वाळलेले होते, एकालाही बुरशी धरली नाही. मी ते सगळे खाल्ले.