महालातली पहिली विझलेली भट्टी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर नागपूरच्या महाल भागातल्या सावजी भोजनालयाच्या मावशीचे. तिचं खरं नाव गल्लीत कोणी घेत नसे, मीही घेत नाही. "शिकलेला माणूस खोटं काहून बोलन?" हे तिचं नेहमीचं वाक्य. ते म्हणताना ती हातातला चिमटा भट्टीच्या काठावर आपटायची. की विषय संपला.

भिवापूरहून मी कॉलेजसाठी नागपूरला आलो, तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीही पाहिली नव्हती. शिक्षण संपेपर्यंत मी तिच्याकडे जेवलो. परीक्षा असली की माझ्या वाटीत मटणाचा जास्तीचा तुकडा पडायचा. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "त्याचं डोकं चालून राहिलं, तुमचं नुसतं तोंड."

तिच्या सासरी एकेकाळी हातमाग होते. माग मोडीत गेले, मसाला राहिला. त्या मसाल्याचा रस्सा कसा असतो, हे महालात जेवलेल्यांना सांगायला नको. डोळ्यांत पाणी, आणि तरी वाटी पुढे. तो कोळशाच्या भट्टीवर शिजायचा. सासूच्या काळापासून ती भट्टी विझली नव्हती. रात्री निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून फुंकायचे.

पदवीनंतर मला इथेच एका संस्थेत नोकरी लागली. हवेत जाणारा कार्बन कसा कमी करता येईल, याचे आराखडे आम्ही करतो. मावशीला एवढंच कळलं की हे ऊन कमी करायचं खातं आहे. मे महिन्यात भट्टीपुढे भाजून निघणारी बाई ती. म्हणाली, "मंग लवकर कर गा बाबा."

पुढे आमच्या संस्थेत भोजनालयवाल्यांची बैठक झाली. कोळशाच्या भट्ट्या बंद करून विजेच्या शेगड्या घ्या, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. मागच्या रांगेतून मावशी उठली.

"सगळेच बंद करतीन ना साहेब?"

"सगळेच. उन्हाळ्याच्या आत."

बाकीचे समोसे खाऊन घरी गेले. मावशीनं दुसऱ्याच दिवशी भट्टीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि तांब्यातून पाणी ओतलं. मी शेजारी उभा होतो. वाफ छतापर्यंत गेली. "सासू असती तर तिनं मलेच भट्टीत टाकलं असतं," असं हसत म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

समोरच्या भोजनालयाचा मालक दारातून बघत होता. "मावशी, तुह्या एका भट्टीनं जगाचं ऊन कमी होईन का वं?"

"तूही विझव ना गा. दोन होतीन."

गल्ली हसली. त्यानं काही विझवली नाही.

विजेवर रस्सा शिजायचा, पण निखाऱ्यावर मुरलेला तो हा नव्हे. जुनी गोल बुडाची भांडी नव्या शेगडीच्या सपाट काचेवर बसेनात. नेहमीची गिऱ्हाइकं आधी टोमणे मारायची, "मावशी, दवाखान्यातून डबा मागवला का आज?" मग तीच समोरच्या बाकावर दिसायची. मावशी मला विचारायची, "त्याची कधी बंद होते?" मला जे कळलेलं असे तेच मी सांगायचो: मुदत वाढली. उन्हाळा गेला, मुदत पुन्हा वाढली.

आमच्या कार्यालयातल्या बैठकांतही हेच चालायचं. कारखानेवाले म्हणायचे, आधी वीजवाल्यांनी करावं. वीजवाले म्हणायचे, आधी श्रीमंत देशांनी. प्रत्येकाचं म्हणणं आकड्यांसकट पटण्यासारखं. मावशीच्या शेगडीला मौद्याच्या वीजकेंद्रातून येणारी वीजही कोळशाचीच होती. ती हळूहळू बदलेल, असं आम्ही आराखड्यात लिहिलं होतं. हळूहळू हा शब्द आमच्याकडे फार चालतो. मावशीला तो कोणी शिकवला नव्हता.

"भट्टी पुन्हा पेटव," असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं, शेवटी मीही. ती ऐकेना. "हळदकुंकू लावून पाठवणी केली मी तिची. आता कोणत्या तोंडानं परत बोलावू?"

एकदाच तिनं विचारलं, "मी घाई केली का गा?"

"नाही मावशी. तू बरोबर केलं."

"मंग चुकलं कोन?"



दिवाळीनंतर भोजनालयाला कुलूप लागलं. मावशी हुडकेश्वरला मुलीकडे राहायला गेली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं. मुलीनं ते तिला वाचून दाखवलं.

"मावशी, पाया पडतो. तू पोरीकडून विचारलं होतं, समोरच्याची भट्टी बंद झाली का. नाही झाली. काल आमची मोठी बैठक होती, तिच्यात मुदत अजून वाढली. एक साहेब म्हणे, आजवर कोणी आपल्या मनानं बंद केली असं एकही उदाहरण नाही, मंग लोकायले सांगाचं कसं? मी उभा झालो. म्हटलं, आहे. महालात एक बाई आहे, तिनं सगळ्यायच्या आधी केली. साहेब लय खुश झाले. म्हणे, तिले बोलवा, शाल-श्रीफळ देऊ, आणि तिचा धंदा आता कसा चालून राहिला ते तिच्याच तोंडून ऐकवू. मी म्हटलं, धंदा बंद पडला.  मंग साहेब म्हणे, राहू द्या, दुसरी कोणी पाहा."